घाई नाही

बालाघाट
९ जानेवारी २०२५

चि. संघमित्रा,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून घाबरू नको. कोणी गेलं नाही, कोणी पडलं नाही. घरी सगळं ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे, कारण घरात मीच.

पत्र काहून लिहून राह्यलो ते सांगतो. फोन लावला की तू म्हणते, "मोठेबाबा, दोन मिनिटात करते." मी फोन मांडीवर घेऊन बसतो. भात शिजून जाते, समोरच्या ललिताची बकरी ओट्यावर चढते अन् उतरते, तेव्हा मले समजते की तुझे दोन मिनिटं पुण्याचे आहेत, बालाघाटचे नाहीत. राग नाही, बाई. तुझ्यामागं मागणारे खूप. फोन वाजला की तुले वाटत असेल, हा आणखी एक आला. पत्र वाजत नाही. पडून राहाते बिचारं. तुले फुरसत झाली की फोड.

मागच्या रविवारी बोलता बोलता तुझा आवाज भरून आला. दिवसभर पळते म्हणे, अन् संध्याकाळी पाहाते तर जे करायचं होतं तेच राहून गेलं. "मी आळशी आहे का, मोठेबाबा?" फोनवर ते नीट सांगता येत नाही. आता सांगतो. मी आयुष्यात आळशी माणसं खूप पाहिली. ते रडत नाहीत, मस्त घोरतात. तू आळशी नाही.

माझ्या भावानं शाळेसाठी तुले माझ्याजवळ ठेवलं होतं, तेव्हा तू रोज विचारायची, खाणीत कसं उतरता, सांगा. तेच परत सांगतो. भरवेलीले मँगनीजच्या खाणीच्या तोंडावर एक फळी होती, तिच्यावर खिळे, खिळ्यावर पितळी बिल्ले. उतरायच्या आधी ज्यानं त्यानं आपला बिल्ला काढून खिशात घालायचा. पाळी संपली, वर आलं, की आपल्या हातानं परत टांगायचा. फळीकडं पाहिलं की मुकादमाले समजे, कोण खाली आहे, कोण वर आलं. एका माणसाले एकच बिल्ला. जरा इकडंही उतरतो अन् तिकडंही, असं कोणाले म्हणता येत नव्हतं. तू एका वेळी चार खाणीत उतरून राह्यली, म्हणून धाप लागते. सकाळी एक बिल्ला काढ. आज हे काम झाल्याशिवाय वर येणार नाही, म्हणा. बाकीचे उभे राहू दे वर, ओरडू दे.

आपली दाराजवळची फळी आहे तशीच आहे. जर्मनच्या डब्याचं झाकण कापून मी बिल्ले केले, तेव्हा माझी चंपा, तुझी मोठी आई, किती हसली होती. "घराची पण खाण केली का?" म्हणे. पण मग गोंदियाले माहेरी जाताना स्वतःच आठवणीनं काढून न्यायची. तुझा तुझ्यापाशी पुण्याले आहे. माझा टांगलेला, मी कुठं जातो? अन् तिचा पण टांगलेला. तिची पाळी संपली. ती कायमची वर आली.

भात अजून दोघांचाच पडते हातून. उरते ते बकरी खाते. चांगली जाडी झाली.

एक किरकोळ गोष्ट. डोळ्यापुढं जरा धुकं येते. मोतीबिंदू असेल, या वयात सगळ्यायले येते. पिकला की काढून टाकू. ललिता म्हणे गोंदियाच्या दवाखान्यात घरचं माणूस सोबत लागते. तर तू येशील तेव्हा पाहू. घाई नाही.

तुझा,
मोठेबाबा

•

पुणे
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठेबाबांना,
जयभीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते जिन्यातच उभं राहून वाचलं. उत्तर लिहायला बसले आज. मधे काय झालं ते विचारू नका. काहीच झालं नाही, हीच तर गंमत आहे.

मी काय काम करते हे तुम्ही सगळ्यांना "कंपनीत मोठी साहेब आहे" असं सांगता, म्हणून नीट सांगते. चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. कोणत्या गिऱ्हाइकाचा माल आधी निघणार, कोणाचा नंतर, हे मी ठरवते. बस, एवढंच. दिवसभर लोक फोन करून ओरडतात आणि जो सगळ्यात जोरात ओरडतो त्याची गाडी मी आधी सोडते. कंपनीने आम्हाला शिकवणी पण दिली होती. चार चौकोन काढायचे, महत्त्वाचं एकीकडे, तातडीचं दुसरीकडे. मी चौकोन फार सुंदर काढले, रंगसुद्धा भरले. त्यातच दुपार झाली.

एक तुम्हालाच सांगते. रजेचा अर्ज मी संगणकावर उघडून ठेवलाय. रोज सकाळी तो दिसतो. रोज वाटतं, आधी ही दोन छोटी कामं उरकते, मग शांतपणे भरते. छोटी कामं संपत नाहीत. खरं तर संपू नयेत असंच कुठेतरी मला वाटतं. अर्ज दिला तर साहेब कपाळाला आठ्या घालणार, आणि त्या आठ्या आज बघण्यापेक्षा उद्या बघू.

खोलीवर मी आता एकटीच आहे. बरोबरची पौर्णिमा लग्न होऊन गेली. तिचा पलंग मी हलवला नाही, त्यावर कपडे ठेवते. रात्रीचं जेवण ओट्याशी उभ्यानेच होतं. एकटीसाठी ताट काय वाढायचं?

माझा बिल्ला किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. इथल्या वॉचमनने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, घराची चाबी. तो म्हणाला, याने कुठलं कुलूप उघडणार?

तुमच्या पत्रातलं मला काय आवडलं माहीत आहे? शेवटचं "घाई नाही". सगळ्या जगात एक तरी माणूस आहे ज्याला माझ्याकडून काही ताबडतोब नकोय. ते वाचलं की मला श्वास घेता येतो.

डोळ्यांचं १४ एप्रिलला करू. जयंतीला मी येतेच. पक्कं.

तुमची,
संघमित्रा

•

बालाघाट
२० फेब्रुवारी २०२५

चि. संघमित्रा,
सप्रेम जयभीम.

उभ्यानं जेवत जाऊ नको. एकटं माणूस पण माणूसच असते. पाट मांड, ताट घे, बस. मी बसतो. समोर कोणी नसलं तरी बसतो.

तुझे चार चौकोन मले समजले नाहीत, पण जोरात ओरडणाऱ्याची गाडी आधी, हे समजलं. त्याच्यावर एक गोष्ट आठवली.

खाली कामाच्या जागेवर गेलं की पहिले काम काय, सांग? फोडणं नाही, भरणं नाही. लोखंडी सब्बल घ्यायची अन् छत ठोकायचं. वरचा दगड ठणठण वाजला तर पक्का आहे. बदबद वाजला तर सुटा आहे, कधीही खाली येईल. आधी तो पाडायचा, मग बाकीचं. आता मजा पाहा. मुकादम ओरडते, दगडाचे डबे भरा. डबेवाला ओरडते, लवकर करा. भोंगा ओरडते. सुटा दगड मात्र काही बोलत नाही. चुपचाप लटकून राहाते. त्याले आपणच विचारावं लागते, सब्बल लावून. न विचारता काम सुरू केलं तर त्या दिवशी डबे जास्त भरतात, हौ, ते खरं आहे. पण माणूस छताखाली उभा असते.

तर बाई, तुझ्या त्या गाड्यांच्या रांगेत कोण बोलत नाही ते रोज एकदा ठोकून पाहात जा. एवढंच माझं शिक्षण. चौथीच्या पुढं मले विहाराच्या वाचनालयानं शिकवलं अन् बाकीचं त्या सब्बलीनं.

इथलं नवीन काही नाही. विहाराच्या ओट्यावर आम्ही जुने खाणवाले बसत होतो, आता ओटा मोठा वाटते. कोणी मुलाकडं मलाजखंडले गेला, कोणी त्याच्याही पुढं. मी जातो, जरा बसतो, येतो.

काल ललिताच्या बकरीनं मले धडक दिली. खरं म्हणजे मीच तिले दिली. बाजूनं आली, मले दिसलीच नाही. ललिता म्हणे, "काकाजी, माझ्या बकरीले लायसन नाही, तुम्ही तरी पाहून चाला!" घुडघा थोडा सोलला. बल्ब पण जुना झाला आहे, उजेड कमी देते, म्हणून हे पत्र दिवसा ओट्यावर बसून लिहिलं.

१४ एप्रिलले ये. तुझ्यासाठी तांदूळ सांगून ठेवला आहे, वारासिवनीच्या गिरणीचा, वासाचा. डोळ्याचं तेव्हा पाहू. जमलं तर. घाई नाही.

तुझा,
मोठेबाबा

•

पुणे
२२ एप्रिल २०२५

आदरणीय मोठेबाबांना,
जयभीम.

रागावलात ना? फोनवर "काही हरकत नाही, बाई" म्हणालात, त्यावरूनच कळलं.

मी तिकीट काढलं होतं. खरंच काढलं होतं. आदल्या दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माल परत आला आणि साहेब म्हणाले, समीक्षा रजेवर, तू पण गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? मी थांबले. जयंतीच्या दिवशी कारखान्यातून इथल्या मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते आणि मी खोकी मोजत होते.

तुमचं छत ठोकण्याचं मी ऑफिसात सांगितलं, सगळ्यांना फार आवडलं. साहेबांनी ते फळ्यावर लिहून ठेवलंय. पण एक विचित्र गोष्ट झाली. नाशिकचे एक म्हातारे गिऱ्हाईक आहेत, लहान कारखाना आहे त्यांचा. कधी आवाज चढवला नाही. "जमेल तेव्हा पाठवा, ताई," एवढंच म्हणायचे. त्यांची खोकी कोपऱ्यात मागे मागे जात राहिली. परवा मला ती दिसली, धूळ बसलेली. मी स्वतः फोन केला, आज पाठवते म्हटलं. ते म्हणाले, "असू द्या ताई, आम्ही दुसरीकडून सोय केली. तुमचा खूप व्याप असतो." रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. मला दिवसभर कसंतरी होत राहिलं. का, ते कळलं नाही.

बरं, या पाकिटात माझा बिल्ला आहे. माझ्यातर्फे तुम्ही टांगा. मी आले असं समजा. पुढच्या वेळी येईन तेव्हा घेऊन जाईन. खिळा रिकामा बघून तुम्हाला वाईट वाटतं ना? आता नाही वाटणार.

आणि मोठेबाबा, हल्ली अक्षर केवढं मोठं काढता! एका पानात पाच-सहा ओळी. मला पहिलीत बसवलंत का? पण मजा वाटते वाचायला.

बल्ब नवा लावून घ्या. डोळ्यांचं जूनमध्ये नक्की.

तुमची,
संघमित्रा

•

बालाघाट
६ मे २०२५

संघमित्रा,
जयभीम.

बिल्ला मिळाला. पाकिटातून हातात घेतला अन् बोट फिरवलं. कोपऱ्याले दाताचं निशाण लागलं. पाचवीत तू दात मारून पाहिला होता, चांदी आहे का म्हणून. समजलं, तुझाच.

टांगला नाही.

रागावून नाही. तुले माहीत नाही म्हणून सांगतो. खाणीत सगळं चाले. एकमेकाची भाकर खात होतो, एकमेकाचे जोडे घालत होतो. पण दुसऱ्याचा बिल्ला कोणी टांगत नव्हतं. सख्ख्या भावानं म्हटलं, माझा पण टांगून दे, मी येतोच मागून, तरी नाही. कारण फळी भरली की मुकादम समजते, सगळे वर आले. वर-खाली नेणारा पिंजरा बंद होते. अन् तो खाली एकटाच राहाते. त्याले शोधायले कोणी जात नाही, कारण फळीवर तो घरी आहे.

तुझा मी टांगला असता तर मलाही तसंच वाटलं असतं, की तू आली. मग मी वाट पाहाणं सोडलं असतं. ते मले नको.

खिळा रिकामा आहे, चांगला आहे. बिल्ला तांदळाच्या डब्यात ठेवला. तुझा तो वासाचा तांदूळ. त्याले अजून हात लावला नाही.

अक्षर मोठं आलं कारण पेन जाड आहे.

ललिता रोज दवाखाना दवाखाना करते. मी म्हटलं संघमित्रा येईल जूनमध्ये. पिकू दे तोपर्यंत.

घाई नाही.

मोठेबाबा

•

बालाघाट
१९ जुलै २०२५

संघमित्रा,

मी ललिता, समोरची. काकाजी सांगून राहिले आणि मी लिहून राहिली. माझी पढाई हिंदीत झाली, मराठी कच्ची आहे, सांभाळून घे. काकाजींनी ताकीद दिली, "मी सांगीन तेवढंच लिही." मी हौ म्हटलं. पण मी सगळंच लिहिणार आहे, त्यांना काय दिसते?

हे पहिलेच लिहून टाकलं बघ. त्यांना दिसत नाही.

काकाजी म्हणतात, लिही, चि. संघमित्रा, सप्रेम जयभीम, मी मजेत आहे.
मी म्हटलं, मजेत? परवा चुलीवरचं भाताचं गंज समजून विस्तवाले हात लावला, ते मजेत का?
म्हणतात, ते लिहू नको.
लिहिलं.

म्हणतात, लिही, तू जूनमध्ये आली नाही, काही हरकत नाही, कामाचे दिवस आहेत, इकडं पण धानाचे रोवणे चालू आहेत, सगळे आपल्या कामात आहेत.
मी म्हटलं, काकाजी, दवाखान्याचं सांगा.
म्हणतात, दवाखान्याचं काय सांगायचं? गेलो, आलो.

मग मीच सांगते. हाताला फोड आले म्हणून मी जबरदस्तीने गोंदियाले घेऊन गेली. डॉक्टरीणबाईने डोळे पाहिले आणि मलाच रागावली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. तो पिकायची वाट नाही पाहायची. त्यात जेवढी नजर जाते ती परत येत नाही. उजवा गेला. डाव्यात पण सुरू आहे, वरून त्यात मोतीबिंदू पण आहे. बाई म्हणाली, लवकर ऑपरेशन केलं तर डावा वाचेल, घरचं माणूस आणा, सही करा. मी म्हटलं मी करते सही. काकाजी उठून बाहेर गेले. बाहेर म्हणजे कपाटाकडे गेले, दरवाजा समजून.

मी त्यांना हात धरून घरी आणलं. इथे आल्यावर विचारलं, काकाजी, पुरे सहा महिने मी म्हणत होती, माझ्यासोबत चला. काहून नाही आले? तुम्हाले डोळ्याची भीती वाटते?
म्हणतात, भीती कशाची? मी अंधारात जन्म काढला.
मग काहून?
पायाने चप्पल चाचपत राहिले. मग म्हणतात, "ललिता, तू हे लिहू नको. चंपाच्या जलदान विधीनंतर पोरगी आली नाही. तिले यायले काही कारण तर पाहिजे. माझ्यापाशी तिच्यासाठी ठेवलेलं हे एकच काम होतं. डोळा तुझ्यासोबत जाऊन करून टाकला असता, तर मग ती कशाले आली असती?"

हे लिहू नको म्हणाले. मी लिहिलं. मला माफ करा काकाजी, पण तुम्ही वेडे आहात.

आत्ता विचारतात, "इतकं काय लिहून राह्यली? मी तर दोनच वाक्य सांगितले."
मी म्हटलं, माझं अक्षर मोठं आहे.
म्हणतात, बरं, शेवटी लिही, घाई नाही.
मी म्हटलं, हे नाही लिहिणार.
म्हणतात, लिही.
मी पेन खाली ठेवली. आवाज त्यांनी ऐकला. बकरी येऊन त्यांच्या पायाशी बसली. मग म्हणाले, "बरं. जे आहे ते लिही."

घाई आहे, संघमित्रा.

हे मी टपालात नाही टाकत, फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवते. फोन लावला होता, तू मीटिंगमध्ये होतीस.

ललिता

•

गोंदियाच्या गाडीत
१९ जुलै, संध्याकाळ

मोठेबाबा,

हे पत्र टपालाच्या आधी मीच तुमच्यापर्यंत आणते आहे. तुम्हाला वाचता येणार नाही, तेव्हा मी वाचून दाखवीन. वाचता वाचता मधेच थांबले तर रागावू नका.

रजेचा अर्ज मी भरला नाही. साहेबांच्या टेबलाशी गेले, म्हटलं, जाते आहे. त्यांनी आठ्या घातल्या. इतक्या महिन्यांपासून ज्या आठ्यांना भीत होते त्या बघितल्या. कपाळावर असतात, दुसरं काही नाही.

तुमची सगळी पत्रं बरोबर घेतली आहेत. गाडीत मांडीवर एकाखाली एक ठेवली. जानेवारीचं अक्षर बारीक, सरळ. फेब्रुवारीचं वाढलेलं, ओळ खाली उतरलेली. मेमधलं इतकं मोठं, की काही शब्द कागदाच्या बाहेर गेलेत. आणि मी त्यावर विनोद केला. बकरी दिसली नाही, बिल्ला बोटाने ओळखला, सगळं तुम्ही लिहिलं होतं. मी प्रत्येक वेळी सरळ शेवटची ओळ बघायचे, "घाई नाही", आणि हुश्श करून पत्र बाजूला ठेवायचे. मेच्या पत्राला तर मी उत्तरच दिलं नाही. ते फ्रिजवर होतं. रोज दिसायचं.

छत ठोकायचं तुम्ही मला शिकवलंत आणि मी ते फळ्यावर लिहून घेतलं. ठोकलं नाही.

तुमच्यावरही राग आहे, खूप आहे. माझ्यासाठी काम शिल्लक ठेवायला तुम्हाला डोळाच सापडला? पण तो राग बालाघाटला आल्यावर काढीन. आल्यावर भात मीच टाकीन, दोघांचा. ललिताताईंना सांगा, बकरीला आज उपास.

बिल्ला तांदळाच्या डब्यातून काढू नका. मी काढीन.

संघमित्रा

•

बालाघाट
२४ ऑगस्ट २०२५

चि. संघमित्रा,
सप्रेम जयभीम.

हे मी लिहून राह्यलो, ललिता नाही. डाव्या डोळ्यानं. डॉक्टरीणबाईनं आता थोडं थोडं लिहायले परवानगी दिली. अक्षर कसं आहे? ओळ खाली उतरली असेल तर फिकीर करू नको, उजवीकडून कागद कुठं संपते ते मले समजत नाही. उजवीकडं आता काहीच नाही. ललिता त्या बाजूनं आली की आधी खाकरते. बकरीले मात्र खाकरता येत नाही.

तू पुण्याले पोहोचली, फोनवर बोलली, ते झालं. पण काही गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत.

तू आली त्या दिवशी तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. मग खिळ्याले बिल्ला वाजला, टण्. जर्मनचा आवाज तो, पितळेचा नाही, तरी मले खाणीचं तोंड आठवलं. मग ऑपरेशन झालं. डोळ्याले पट्टी होती तेवढे दिवस मी पडून ऐकत होतो. तू भांडे घासत होती ते ऐकलं. ओट्यावर जाऊन हळू आवाजात कारखान्याशी बोलत होती ते पण ऐकलं. एकदा फोन वाजला अन् तू उचललाच नाही. वाजून वाजून तो थकला. तेव्हा तू माझ्याजवळ बसली होती, काही बोलत नव्हती, उगीच बसली होती. ते मी सगळ्यात जास्त ऐकलं.

मग जायच्या दिवशी तू बिल्ला काढला. तोही आवाज ऐकला. तुले वाटलं मी झोपलो आहे.

खिळा आता रिकामा आहे. सकाळी उठलो की पहिले त्याच्याकडंच नजर जाते, एकच नजर आहे ती. भात परत उरू लागला. ओट्यावर जातो, बसतो, येतो. तुले वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. जे आहे ते लिहितो, ललितानं ती सवय लावली.

एक अडचण झाली आहे. डोळा होऊन गेला. आता तुले बोलवायले माझ्यापाशी काही कामच उरलं नाही. मी ललिताले म्हटलं, पाठीचं दुखणं काढू का? ती म्हणे, "खबरदार, काकाजी! मीच लिहून कळवीन, की पाठ ठणठणीत आहे." खरंच ठणठणीत आहे. छप्पर गळत नाही, दार लागते, नळाले पाणी येते. घरात कुठं काही बिघडलेलं नाही. मी सगळं ठोकून पाहिलं.

तर काही काम नाही. नुसती ये. दिवाळीच्या सुट्टीत ये, नाही तर त्याच्याही आधी ये. वासाचा तांदूळ डब्यात अर्धा शिल्लक आहे.

घाई आहे.

तुझा,
मोठेबाबा